मामाच्या पाठीचा कोड

खराडीच्या एसी ऑफिसात अमेरिकन मणक्यांची बिलं तयार होतात. आष्टीच्या मणक्याचं बिल कोण तयार करतं? आणि आपण ते वाचायचं कसं?

माझ्या रूममेटला अमेरिकेतल्या लोकांच्या पाठी पाठ आहेत. कोटी जुनी आहे, पण खरी आहे. एल-फोर, एल-फाइव्ह, एस-वन ही नावं ती दादर, परळ, लोअर परळच्या चालीवर म्हणते. ती मूळची परभणीची, बी. फार्म झालेली आणि खराडीतल्या एका कंपनीत मेडिकल कोडर. ‘कोडर’ म्हटलं की तिच्या गावाकडे सगळ्यांना वाटतं, पोरगी सॉफ्टवेअर लिहिते. तिनेही आता समजावून सांगायचं सोडून दिलंय. ‘कम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर लग्नाची स्थळंसुद्धा समाधानी असतात म्हणे!

प्रत्यक्षात ती काय करते? टेक्सास नाहीतर ओहायोमधला कुणी सर्जन ऑपरेशन करतो आणि काय काय केलं त्याची नोट डिक्टेट करतो. ती नोट हिच्या स्क्रीनवर येते. पेशंटचा चेहरा नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. तो वाचून ही त्याचे आकडे करते. त्या आकड्यांवर तिकडची विमा कंपनी पैसे देते किंवा नाकारते. आणि नाही, नाइट शिफ्ट नसते. रात्रभर हेडफोन लावून ‘आमचा क्लेम का अडकला’ विचारणारे ते एआर कॉलिंगवाले. कोडिंगवाले आपल्यासारखेच सकाळी डबा घेऊन निघतात.

मी फ्रीलान्स पत्रकार. मास कॉम केलं तेव्हा बातमीची इंट्रो कशी लिहायची हे शिकवलं होतं, हॉस्पिटलचं एस्टिमेट कसं वाचायचं हे नव्हतं. ते मला गेल्या वर्षी रूममेटने शिकवलं. कारण आष्टीच्या माझ्या मामाचा मणका सरकला.

टू टू एट फोर झीरो

आधी थोडी शाळा. घाबरू नका, परीक्षा नाही.

अमेरिकेत प्रत्येक आजाराला एक कोड आणि प्रत्येक उपचाराला दुसरा कोड. आजारासाठी आयसीडी. त्यात मणका मणक्यावरून पुढे सरकला, म्हणजे स्पॉन्डिलोलिस्थेसिस झाला, तर एम ४३.१. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून या यादीची आपली बारीक चाळणीची आवृत्ती लागू केली. तिथे कमरेतला सरकलेला मणका एम ४३.१६ होतो. उपचारांसाठी सीपीटी ही पाच आकडी यादी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती १९६६ साली पहिल्यांदा काढली. तिचा कॉपीराइटही त्यांचाच.

पाठीत स्क्रू आणि रॉड बसवून मणके स्थिर करायचे या ऑपरेशनला एकच कोड असेल असं मला वाटत होतं. रूममेट हसली. तिने जेवणाच्या टेबलावर पारले-जीची बिस्किटं उभी मांडली. “ही हाडं. आणि ही मधली फट म्हणजे डिस्कची जागा. आता सांग, हाडं मोजायची की फटी?”

उत्तर असं, की दोन्ही. पण वेगवेगळ्या कोडसाठी. दोन मणके एकमेकांना कायमचे जोडले, म्हणजे फ्यूजन केलं, तर फटी मोजायच्या. एल-फोर आणि एल-फाइव्ह जोडले की फट एक. मागून आणि डिस्कच्या जागेतून असं दोन्हीकडून जोडलं तर २२६३३. स्क्रू-रॉडचं मात्र वेगळं. एका फटीवर, दोन मणक्यांत मिळून चार स्क्रू आणि दोन रॉड बसवले तर २२८४०, आमच्या घरच्या भाषेत ‘टू टू एट फोर झीरो’. ओळीने तीन ते सहा मणक्यांत स्क्रू गेले की २२८४२, आणि इथे हाडं मोजायची. डिस्कच्या जागी छोटा पिंजरा, म्हणजे केज बसवला की वर २२८५३.

यातले काही कोड एकटे फिरूच शकत नाहीत. त्यांना ‘ॲड-ऑन’ म्हणतात. २२८४० हा त्यातलाच. मुख्य ऑपरेशनच्या बोटाला धरूनच त्याने यायचं. लग्नातल्या करवलीसारखं. नवरी नाही तर करवलीला कोण विचारतंय? उलट काही गोष्टी मुख्य कोडच्या पोटातच धरलेल्या असतात. त्या सुट्या काढून वेगळ्या लावल्या तर त्याला ‘अनबंडलिंग’ म्हणतात आणि क्लेम परत येतो. मुद्दाम आणि वारंवार केलं तर प्रकरण फसवणुकीपर्यंत जातं. रूममेटच्या कामाचा अर्धा ताण हाच. काय वेगळं मोजायचं आणि काय आधीच मोजलेलं आहे.

हा शब्द लक्षात ठेवा. अनबंडलिंग. आपल्याला नगरमध्ये लागणार आहे.

कडा, आष्टी, नगर

मामाचं गाव आष्टी तालुक्यात, कड्याच्या पुढे. चार एकर कोरडवाहू आणि पाऊस मर्जीचा. तालुक्यातल्या हजारो घरांसारखं याही घराचं वर्ष दोन तुकड्यांत. दिवाळीच्या आसपास कारखान्याला जायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं. मामा आणि मामीने सतरा हंगाम ऊस तोडलाय. तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. एक मोळी तीस-चाळीस किलोची. आपण जिममध्ये डेडलिफ्ट करताना समोर आरसा असतो आणि ट्रेनर ‘बॅक स्ट्रेट’ म्हणून ओरडत असतो. मामाच्या मागे मुकादम ओरडतो, पण पाठीची काळजी म्हणून नाही.

दोन वर्षं मामाने गोळ्यांवर काढली. मग डावा पाय बधिर व्हायला लागला. मग शंभर पावलं चाललं की बसावं लागायला लागलं. आष्टीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नगरला दाखवा. (कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्याकडे बोलताना नगरच.) एक बरं झालंय, २०२२ च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, २०२५ मध्ये ती बीडपर्यंत गेली. ज्या रेल्वेची वाट बघण्यात आमच्या आजोबांची पिढी गेली, तिच्यातून मामा पहिल्यांदा निघाला तो एमआरआय काढायला.

निदान स्पष्ट होतं. एल-फोर एल-फाइव्हवरून पुढे सरकलाय, नस दाबली जातेय, स्थिर करावं लागेल. चार स्क्रू, दोन रॉड, एक केज. दुसरं मतही घेतलं. बीड जिल्ह्यात ते घ्यावंच लागतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, तेव्हापासून ‘ऑपरेशन खरंच लागतं का’ हा प्रश्न आमच्याकडची अडाणी म्हातारीसुद्धा विचारते. दुसऱ्या डॉक्टरांचंही उत्तर तेच आलं.

पैशांचं टेन्शन नव्हतं, निदान तेव्हा. मामा महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसत होता. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना ती हीच. २०१७ मध्ये नाव बदललं. सुरुवातीला मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाख होती. जुलै २०२४ पासून ती पाच लाख झाली आणि रेशन कार्डाच्या रंगाची अटही गेली. तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. मणक्याची ऑपरेशन्सही त्यात आली.

आणि मग फोन आला. मामाचा.

“पोरी, आपरेशन फुकटच हाय म्हंत्यात. पर स्क्रू साधं असत्यात म्हणं योजनेतलं. भारीतलं टाकायचं तर पंच्याऐंशी हजार वरून.”

“मग तू काय म्हणालास?”

“मुकादमाला इचारलंय. उचल दिऊ म्हणतोय.”

इथे थांबून उचल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती पर्सनल लोनसारखी वाटेल. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम. ती फिटते ऊस तोडून. ईएमआय नाही, घामच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मामा ऑपरेशननंतर मोळी उचलणार नव्हता हे मुकादमालाही माहीत होतं. मग पंच्याऐंशी हजारांचा कोयता पुरा कोण करणार? मामी आणि माझा मामेभाऊ. एकोणीस वर्षांचा, बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, तालुक्याच्याच कॉलेजात.

म्हणजे बापाच्या पाठीतले चार स्क्रू पोराच्या पाठीवर फिटणार होते.

थाळी आणि पापड

मामेभावाने व्हॉट्सॲपवर एस्टिमेटचा फोटो पाठवला. रात्री रूममेट आणि मी तो झूम करून बसलो. वर पॅकेजचं नाव होतं. खाली पेनाने लिहिलं होतं, ‘इम्प्लांट एक्स्ट्रा’. ना कंपनीचं नाव, ना धातू, ना मॉडेल, ना सही.

रूममेटचं ऑफिसमधलं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. “हे अनबंडलिंग आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.”

अमेरिकेची पद्धत आ-ला-कार्ट. पोळी वेगळी, भाजी वेगळी, प्रत्येकाचा कोड वेगळा. आपल्या सरकारी योजनांची पद्धत थाळीची. एक ऑपरेशन, एक पॅकेज कोड, एक रक्कम. आयुष्मान भारतच्या पॅकेज यादीत हाडांच्या शस्त्रक्रियांचे कोड ‘एसबी’ने सुरू होतात आणि मेंदू-मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियांचे ‘एसएन’ने. मणका बिचारा दोघांच्या बांधावर. बांधावरच्या झाडासारखा, कधी याचा, कधी त्याचा.

पण थाळीत काय काय येतं हे महत्त्वाचं. मी योजनेची माहिती डाउनलोड केली आणि पहाटे दोनपर्यंत वाचली. पॅकेजमध्ये जनरल वॉर्डचा बेड, नर्सिंग, सर्जन आणि भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, रक्त, ऑक्सिजन, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण असं सगळं. आणि त्याच यादीत इम्प्लांट. शेवटी तर घरी परत जायचं एका वेळचं भाडंसुद्धा, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं! ज्या कुणी ही ओळ लिहिली असेल, त्याने कधीतरी टाके घातलेल्या पोटाने एसटी पकडली असणार.

थोडक्यात, थाळीत पापड होता. ‘चांगला पापड हवा तर वेगळे पैसे’ हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग स्क्रूच्या किमतीचं म्हणाल, तर तीही मोठी गंमत आहे. हृदयातल्या स्टेंटच्या कमाल किमती सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवल्या. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मणक्याच्या स्क्रूचा तेव्हा नंबर लागला नाही. त्यामुळे ‘भारीतला’ म्हणजे नेमका केवढ्याचा, हे सांगणाऱ्यावर असतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितात. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात, ही खासगी हॉस्पिटलांची जुनी तक्रार आहे आणि ती पोकळ नाही. पण तो हिशेब हॉस्पिटल आणि सरकार यांच्यातला. तो मामाच्या कोयत्यावर का फिटावा?

लेखी द्या

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडून मी नगरला गेले. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका हॉस्पिटलची नाही.

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. बहुतेकांना तो फॉर्म भरायला असतो असंच वाटतं. आम्ही त्याच्यासमोर यादी ठेवली. तो म्हणाला, “इम्प्लांट पॅकेजमध्येच आहे.” एवढं सरळ. त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण पैशांची बोलणी दुसऱ्याच टेबलावर व्हायची.

त्या दुसऱ्या टेबलावर मी भांडले नाही. एकच वाक्य बोलले. “पंच्याऐंशी हजार कशाचे, ते लेटरहेडवर लेखी द्या. कंपनी, मॉडेल आणि पॅकेजमध्ये का नाही ते.”

“मॅडम, एवढं काय आहे त्यात? सरांना विचारून सांगतो.”

दोन दिवसांनी फोन आला. पेशंटला घेऊन या, काही भरायचं नाही. लेखी मात्र काही आलं नाही ते नाहीच.

मध्ये एक अडथळा आला, तोही सांगते. पूर्वपरवानगीसाठी फाइल वर गेली आणि ‘क्वेरी’ लागून परत आली. मामाचा वाकून आणि मागे झुकून काढलेला एक्स-रे फाइलमध्ये नव्हता. मणका खरंच हलतोय हे त्यावरून कळतं. मामी वैतागली. रूममेट मात्र खूश झाली. “बरोबर विचारलंय. मीही हेच शोधलं असतं.” त्या दिवशी मला पटलं की कोड म्हणजे नुसती कारकुनी नाही. नको असलेलं ऑपरेशन अडवायचं कामही तोच करू शकतो, मात्र पलीकडे कुणीतरी खरंच वाचणारं हवं.

एक्स-रे काढला. परवानगी आली. ऑपरेशन झालं. चार स्क्रू, दोन रॉड, एक केज. पाचव्या दिवशी मामा वॉकर धरून वॉर्डभर फिरला आणि शेजारच्या पेशंटला म्हणाला, “माझ्या अंगात आता कारखान्याचं सामान हाय.”

अर्धा कोयता

इथे गोष्ट संपायला हवी होती. पॅकेज संपलंही. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी त्यात धरलेली असते. पण दोन हाडं एकमेकांना धरायला काही महिने घेतात आणि मोळी उचलणं तर कायमचंच बंद. त्या हंगामात मामी एकटी गेली असती तर अर्धा कोयता. ती गेली नाही. तिने गावातच दोन म्हशी घेतल्या, बचत गटाच्या कर्जातून. दूध कड्याला जातं. घरात पैसा आधीपेक्षा कमी आहे, हे सरळ सांगते. पण मुकादमाच्या वहीत या घराचं नाव नाही, आणि मामेभाऊ दुसऱ्या वर्षाला आहे.

मध्यंतरी एका रविवारी रूममेटने गंमत म्हणून मामाची फाइल अमेरिकन पद्धतीने कोड करून पाहिली. आजार, मिनिटात. ऑपरेशन, तीन कोड, पाच मिनिटांत. मग आली ‘कशामुळे झालं’ ही पायरी. अमेरिकन यादी या बाबतीत महा-हौशी आहे. गायीने लाथ मारली तर कोड आहे. गाय चावली तर वेगळा आहे! दुखापत होताना माणूस काय करत होता याचेही कोड आहेत. विणकाम करत होता, याचासुद्धा.

ऊसतोडीचा नाही. तिला सापडलेला सगळ्यात जवळचा कोड होता, बागकाम.

आम्ही दोघी आधी खूप हसलो. मग तिने लॅपटॉप बंद केला. सतरा हंगाम बागकाम! काय मोडलं हे यादीला मणक्यागणिक माहीत आहे. कशाने मोडलं हे सांगणारी ओळ आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावरही नव्हती. त्यावर वय होतं, गाव होतं, ‘व्यवसाय’ समोर लिहिलं होतं, शेती. मामाला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “लिहू दे की. शेतीच हाय ती. फक्त दुसऱ्याची.”

तुमच्या फाइलसाठी

‘आपल्याला काय, ऑफिसचा मेडिक्लेम आहे’ असं म्हणत असाल, तर आई-बाबांचं वय आठवा आणि हे कापून ठेवा.

• पॉलिसीत ‘वेटिंग पीरियड’ बघा. सगळीकडे मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी या प्रमाण पॉलिसीत अपघात वगळता मणक्याच्या आजारांना पहिले २४ महिने कव्हर नसतं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात. एचआरला आजच विचारा, ॲडमिशनच्या दिवशी नको.

• विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा आहे. घड्याळ लावून बसा.

• स्क्रू, रॉड, केज, काहीही शरीरात बसवलं तर त्याचे स्टिकर आणि मूळ बिल फाइलमध्ये मागा. स्टिकरवर कंपनी आणि बॅच नंबर असतो. क्लेमला लागतो, आणि पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं तर तुमच्याकडेच उत्तर असतं.

• सरकारी योजनेत असाल तर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. जन आरोग्य योजनेची टोल फ्री हेल्पलाइन १५५३८८.

• ‘एक्स्ट्रा’ हा शब्द दिसला की फक्त एवढंच म्हणा, लेखी द्या.